मनिऑर्डरीचा बहाणा

केरळ सरकारने १ नोव्हेंबर २०२५ रोजी, राज्याच्या स्थापनादिनी, आपल्याकडचं अतिदारिद्र्य संपल्याचं जाहीर केलं. वॉर्डावॉर्डातून शोधून काढलेली ६४,००६ कुटुंबं, प्रत्येक घराचा वेगळा आराखडा, कुणाला घरकुल, कुणाला औषधपाणी, कुणाला नुसतं रेशनकार्ड, आणि चार वर्षांनी ही घोषणा. केरळातल्याच अर्थतज्ज्ञांनी तिच्यावर जाहीर शंका घेतल्या. यादी कोणत्या कसोटीवर केली, तिच्यातून कोण सुटलं, हे त्यांनी विचारलं. ते विचारायलाच हवं होतं.

महाराष्ट्रात मात्र शंका घ्यायलाही फारसं कुणी थांबलं नाही. केरळचं नाव निघालं की आपल्याकडे जी ठरावीक वाक्यं बाहेर येतात, तीच याही वेळी आली. ती माणसं आखातातल्या मनिऑर्डरींवर जगतात. एवढंसं राज्य, त्याची आपल्याशी काय तुलना. तिथे कारखाने नाहीत, पोरांना नोकरीसाठी बाहेर पडावं लागतं. आणि शेवटचं, ज्यानंतर बोलणंच संपतं: महाराष्ट्र देशात एक नंबर आहे. ही वाक्यं मी अडाणी माणसांच्या तोंडून ऐकत नाही. प्राध्यापक, सनदी अधिकारी, संपादक, आमदार ती बोलतात आणि अगदी मनापासून बोलतात. ती खोटी आहेत, निदान ज्या कामासाठी वापरली जातात त्या कामासाठी तरी खोटी आहेत, असं माझं म्हणणं आहे. आणि त्यांची किंमत आपल्यातली सगळ्यांत गरीब माणसं मोजताहेत.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. देशाच्या एकूण उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा सुमारे १३ टक्के आहे आणि केरळचा चार टक्क्यांच्या आसपास. पण आपल्याकडे माणसंही तिपटीहून जास्त आहेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख होता, केरळ ३ कोटी ३४ लाख. माणशी भागाकार केला की ही आघाडी विरून जाते. दरडोई उत्पन्नात गेली काही वर्षं दोन्ही राज्यं जवळजवळ खांद्याला खांदा लावून चालली आहेत. सारखीच मिळकत असलेली ही दोन शेजारघरं आहेत असं धरा आणि आत डोकावून बघा.

हजार बाळं जन्मली तर वर्षाच्या आत केरळात ६ दगावतात, महाराष्ट्रात १६. हे २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीचे आकडे आहेत. २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ आया मेल्या, आपल्याकडे ३३. केरळात जन्मलेला माणूस सरासरी ७५ वर्षं जगतो, महाराष्ट्रात साडेबहात्तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वजनाने कमी भरली. केरळात २० टक्के. वीस ते चोवीस वर्षांच्या मुलींपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्या आपल्याकडे जवळपास २२ टक्के, तिकडे सहा. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या हिशेबात आपण ७.८ टक्के आहोत, केरळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

हजारी १६ हा आकडा वाईट नाही, असं कुणी म्हणेल. देशाची सरासरी तेव्हा २८ होती, त्या मानाने तो खूपच चांगला आहे, आणि त्याचं श्रेय गावोगाव पायपीट करणाऱ्या आशा, अंगणवाडीताई आणि नर्सबाईंना आहे. पण महाराष्ट्रात वर्षाला अठरा लाखांच्या आसपास मुलं जन्माला येतात. हजारी दहाचा फरक म्हणजे दर वर्षी साधारण अठरा हजार बाळं. ही बाळं जगवता येतात, हे याच देशात, याच चलनात, आपल्याएवढ्याच दरडोई उत्पन्नात एका राज्याने करून दाखवलेलं आहे. ‘एक नंबर’ या दोन शब्दांनी या अठरा हजार घरांना काय उत्तर मिळतं, ते मला कुणीतरी सांगावं.

आता मनिऑर्डर. आखातातून केरळात येणारा पैसा प्रचंड आहे, हे कुणीच नाकारत नाही. तिथल्या अर्थव्यवस्थेचा तो मोठा टेकू आहे, आणि तो काढून घेतला तर आजचं केरळ असं दिसणार नाही. पण आपला दावा त्याहून मोठा असतो. पैसा आखातातून आला आणि म्हणून शाळा, दवाखाने, साक्षरता आली, असं आपण म्हणतो. म्हणजे आधी पैसा आणि मग माणसाचं भलं. हा क्रम साफ उलटा आहे, आणि तो तपासायला जनगणनेची जुनी पुस्तकं उघडली तरी पुरे.

आखाती नोकऱ्यांची लाट आली ती १९७३मध्ये तेलाच्या किमती भडकल्यानंतर. त्याआधी, १९७१च्या जनगणनेतच, केरळात पाच वर्षांवरच्या शंभर माणसांपैकी सुमारे सत्तर जणांना लिहिता-वाचता येत होतं. महाराष्ट्रात, मुंबई-पुण्यासकट, शेहेचाळीस जणांना. त्याच वर्षी पुण्यातल्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीचा गाजलेला अभ्यास मांडला. खाण्यावरचा खर्च आणि त्यातून मिळणारे उष्मांक या मोजपट्टीवर ग्रामीण केरळ देशात सगळ्यांत तळाला निघालं. त्यावर तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्रात के. एन. राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं. त्यांचा अहवाल १९७५ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रसिद्ध केला. गरीब मल्याळी माणूस जो टॅपिओका खातो तो हिशेबात नीट धरलाच गेला नव्हता, हे त्यांनी दाखवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इतक्या कमी उत्पन्नात इथे बालमृत्यू कमी आहेत, लोक जास्त जगताहेत आणि मुली शाळेत जाताहेत, हे त्यांनी जगापुढे ठेवलं. ज्याला पुढे ‘केरळ मॉडेल’ म्हटलं गेलं, ते आखाती पैशाचं पीक येण्याआधीच्या दरिद्री केरळचं वर्णन आहे. पैसा नंतर आला. आणि तो कमवायला माणसं जाऊ शकली, कारण त्यांना अर्ज वाचता येत होता, नर्सिंगची पदवी होती, हाताला कौशल्य होतं.

पैशानेच सगळं होत असतं, तर बिहारमधल्या सिवान आणि गोपालगंजचं आज केरळ झालेलं असतं. तिथूनही लोक वर्षानुवर्षं आखातात जातात, पैसे पाठवतात, गावात पक्की घरं उठतात. सरकारी दवाखाना मात्र त्या पैशातून उठत नाही. आणि बाहेरून आलेल्या पैशाला महाराष्ट्राने नाक मुरडावं, हे मला फार लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावातल्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर चालली. ओटीवर बसून पोस्टमनची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या आपल्याच होत्या. चुलते-पुतणे दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपले आणि त्यांनी गावाकडची चूल पेटती ठेवली. दुबईच्या लेबर कॅम्पात राहणारा मलप्पुरमचा गवंडी काही वेगळं करत नाही.

मग केरळात आखातापूर्वी काय होतं? मी थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे हे सांगितलंच जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केरळातली जातिव्यवस्था देशातल्या सर्वांत क्रूर जातिव्यवस्थांपैकी एक होती. शिवणं सोडाच, ठरावीक पावलांच्या आत येण्यानेही विटाळ होत होता. १८८८ साली अशा विटाळाच्या मानलेल्या जातीतल्याच नारायण गुरूंनी अरुविप्पुरमला स्वतःच्या हाताने शिवलिंगाची प्रतिष्ठापना केली. शिक्षण आणि संघटना हा त्यांच्या चळवळीचा कणा होता. पुलया समाजातले अय्यंकाली स्वतः निरक्षर. आमच्या मुलांना शाळेत घेत नाही तोवर तुमच्या शेतात काम करणार नाही, असं म्हणून त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतमजुरांचा संप घडवला. मजुरीसाठी संप सगळीकडे होतात. हातावर पोट असलेल्या भूमिहीनांनी मुलांच्या शाळेसाठी उपाशी राहून संप केला, ही गोष्ट मी तरी विसरू शकत नाही. १९२४-२५चा वैकोम सत्याग्रह आणि १९३६ची त्रावणकोरची मंदिरप्रवेशाची घोषणा या सगळ्याच्या पुढच्या पायऱ्या.

१९५७ साली निवडून आलेल्या ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या सरकारने पहिल्या काही दिवसांतच कुळांना जमिनीवरून हुसकावण्यावर बंदी घातली. ते सरकार १९५९मध्ये बरखास्त झालं. पण कुळकायद्याचं काम थांबलं नाही, आणि १ जानेवारी १९७०पासून केरळात जमीनदारी कुळव्यवस्थाच संपली. जमीनदाराच्या बांधावर झोपडी घालून राहणाऱ्या भूमिहीनाला खेड्यात दहा सेंट जागेचा हक्क मिळाला. दहा सेंट म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे. चार गुंठ्यांत कुणी श्रीमंत होत नाही. दोन नारळ, चार केळी आणि एक झोपडी एवढंच त्यात मावतं. पण ‘उद्या निघ इथून’ असं त्याला कुणी म्हणू शकत नाही. त्या निर्भयतेवर पुढचं सगळं उभं राहिलं: मुलं शाळेत गेली, मजुरीसाठी घासाघीस झाली, दवाखान्यात डॉक्टर नसला तर ओरडा झाला.

दुसरा बहाणा राज्याच्या आकाराचा. केरळ लहान आहे, एकजिनसी आहे, तिथे कारभार सोपा. चला, महाराष्ट्रातला सगळ्यांत सुस्थितीतला तुकडाच घेऊ. नंदुरबार नको, गडचिरोली नको. ऊस, दूध, सहकारी बँका, शिक्षणसंस्था, पक्के रस्ते असलेला पश्चिम महाराष्ट्र घेऊ. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात ८६३ मुली होत्या, सांगलीत ८६७. केरळचा राज्याचा आकडा ९६४ आहे आणि तिथला कुठलाही जिल्हा साडेनऊशेपासून फार खाली नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८मध्ये, केंद्राच्याही आधी. आणि २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळजवळ ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण उकरून काढावे लागले. इथे दुर्गमतेचा, डोंगराचा, रस्त्याचा प्रश्न नव्हता, पैशाचा तर नव्हताच. सोनोग्राफीचं यंत्र घ्यायला आणि त्याचा गैरवापर करायला पैसाच लागतो. तेव्हा राज्याच्या आकाराचं कारण मला पटत नाही. जिथे समृद्धी आली तिथेही माणसाचं आयुष्य सुधारलं की नाही, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

तिसरं वाक्य सर्वांत जास्त गांभीर्याने घ्यायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. केरळात शिकलेल्या तरुणांची बेकारी भयंकर आहे. मोठे उद्योग तिथे जायला कचरले, कामगार संघटनांचा हेकटपणा हे त्यामागचं एक खरं कारण आहे, आणि राज्यावर कर्जाचा बोजा मोठा आहे. माणसं बाहेर जातात हेही खरं. पण दुसरी बाजूही बघा. रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२२-२३मध्ये ग्रामीण केरळातल्या शेतमजूर पुरुषाला दिवसाला सरासरी साडेसातशे रुपयांच्या वर मजुरी मिळत होती. महाराष्ट्रात तीनशेच्या आसपास. कारखाने आमच्याकडे आणि मजुरी त्यांच्याकडे. म्हणूनच आसाम, बंगाल, ओडिशातले लाखो मजूर मुंबई-पुणे सोडून एर्नाकुळम-पेरुंबावूरला उतरतात.

आणि स्थलांतराचं बोलायचं, तर महाराष्ट्रातून कुणी बाहेर पडत नाही का? दसरा उलटला की बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिवच्या तालुक्यांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, कधी लग्नाला, कधी दवाखान्याला. ती सहा महिन्यांत अंगमेहनतीने फेडायची. फडाच्या कडेला पाचट नि ताडपत्रीची कोपी, तिला दार नाही, आसपास संडास नाही, पाणी लांबून आणायचं. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या थापते, तान्हं पोर बांधावर कापडाच्या झोळीत टाकते आणि अंधारातच तोडीला लागते. तोडायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन हलत्या फळीवरून गाडीवर चढवायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, ओटीपोट दुखत असताना ती बाई उभी राहते, कारण बसणं परवडत नाही. मग कुणीतरी सुचवतं: पिशवी काढून टाक, कटकटच नको. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय पस्तीस-चाळिशीच्या आतलं. त्याच जिल्ह्यात २०११मध्ये हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या.

केरळचा माणूस शिकून विमानाने बाहेर जातो, आमची बाई कोयता घेऊन ट्रकच्या टपावर बसून जाते, आणि स्थलांतराचा ठपका आपण केरळवर ठेवतो.

मळ्यांत राबणाऱ्या बायकांचे हाल केरळातही झाले आहेत. मुन्नारच्या चहामळ्यांत काम करणाऱ्या, बहुतेक तमिळ दलित असलेल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एकेका खोलीच्या चाळींत राहिल्या. त्यांच्या नावावर पुढारीपण करणाऱ्या संघटनांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं. सप्टेंबर २०१५मध्ये त्या रस्त्यावर उतरल्या. कुठल्याही पक्षाचा झेंडा नाही. समजूत घालायला आलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी परत पाठवलं. ‘पेंपिळै ओरुमै’, बायकांची एकजूट, एवढंच त्यांचं नाव. हिलस्टेशनचे रस्ते दिवसचे दिवस अडले आणि सरकारला व कंपनीला वीस टक्के बोनस मान्य करावा लागला. मजुरीची त्यांची पुढची लढाई पूर्ण यशस्वी झाली नाही. पण त्या मळ्यांत साक्षर बायका होत्या, त्यांच्या पगाराची पावती त्यांना वाचता येत होती आणि हाकललं जाण्याची भीती त्यांना कमी होती. कोपीतल्या बाईकडे यांतलं काय आहे?

केरळ स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. आत्महत्यांचं प्रमाण तिथे महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त आहे. २०२२मध्ये लाखामागे २८च्या वर, आपल्याकडे १८. शिकलेल्या मुलींचे हुंड्यासाठी छळ होतात. मुलं परदेशी गेलेल्या मोठाल्या घरांत म्हातारे एकटे आहेत. पालक्काडच्या अट्टप्पाडीत आदिवासी बाळं कुपोषणाने गेली, २०१३मध्ये त्यावरून केरळ हादरलं. त्याच अट्टप्पाडीत २०१८ साली तांदूळ चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणाला जमावाने जिवे मारलं. नारायण गुरूंच्या भूमीत हे घडलं. मेळघाट आपला आहे तसं अट्टप्पाडी त्यांचं आहे, आणि दोन्हीकडे सगळ्यांत शेवटी पोहोचतं ते आदिवासीच्या दारात. पण ही यादी वाचून ‘बघा, तेही तसेच’ असं म्हणून आपण सुटत नाही. त्याच २०२२मध्ये देशात शेतीशी संबंधित जितक्या आत्महत्या झाल्या, त्यांपैकी एकट्या महाराष्ट्रातल्या ४,२४८ होत्या. सर्व राज्यांत सर्वाधिक. अट्टप्पाडीतल्या बाळांमुळे मेळघाटातल्या धारणीतलं बाळ जगत नाही.

फरक कुठे पडतो, ते मला एका छोट्या गोष्टीत दिसतं. कोझिकोडच्या मलापरंबा भागात एक जुनी खासगी अनुदानित शाळा होती. पटसंख्या घटली होती, जागेला सोन्याचा भाव आला होता. एप्रिल २०१४मध्ये व्यवस्थापनाने रातोरात इमारत पाडली. सकाळी लोक जमले. पालक, माजी विद्यार्थी, शेजारपाजारचे. पैसे गोळा करून, स्वतः राबून त्यांनी ती शाळा पुन्हा बांधली. प्रकरण न्यायालयात गेलं, शाळा बंद करण्याचा आदेश निघाला, लोक दाराशी बसून राहिले. शेवटी २०१६मध्ये सरकारने ती शाळा ताब्यात घेतली. आपल्याकडे २०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक जिल्हा परिषद शाळा बंद करायचं ठरलं. काही शिक्षक संघटना, काही कार्यकर्ते लढले. मोठ्या शहरांतल्या मध्यमवर्गाला मात्र त्याची खबरही नव्हती, कारण त्यांची मुलं त्या शाळांतून केव्हाच बाहेर पडली होती.

केरळात कधी डावी आघाडी येते, कधी काँग्रेसची. पण आरोग्य केंद्र बंद करून कुणाला निवडणूक जिंकता येत नाही. दोन्ही आघाड्यांनी ग्रामपंचायती आणि बायकांचे कुटुंबश्री गट चालू ठेवले, कारण लोकांनी ते सोडू दिले नाहीत. खाटेला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन त्याची जखम साफ करणारी, वेदना कमी करणारी सेवा १९९३मध्ये कोझिकोडच्या काही डॉक्टरांनी सुरू केली. शेजारच्या विद्यार्थ्यांनी, रिक्षावाल्यांनी, गृहिणींनी ती उचलून धरली, आणि २००८ साली राज्याने तिचं धोरण केलं, देशात पहिल्यांदा. श्रीमंतीने हे होत नाही. आपला शेजारी असा मरता कामा नये, हे गावाने ठरवावं लागतं.

आणि हे ठरवणं महाराष्ट्राला परकं आहे, असं मला कुणी सांगू नये. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे रयतेच्या मुलांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. रयतेच्या करातून वरच्या वर्गाची मुलं शिकतात आणि रयत अडाणी राहते, हा त्यांचा मुद्दा आजही शिळा झालेला नाही. राजर्षी शाहूंनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. १९७२च्या दुष्काळाच्या काळात सुरू झालेल्या वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेने हजारो गावं तगवली. पुढे मुंबईच्या पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम, असा तो रोकडा व्यवहार झाला. १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि देशाला रोजगार हमीचा कायदा करायला पुढची अठ्ठावीस वर्षं लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बाईच्या हाताने घरातच नवजात बाळ वाचवता येतं, हे सिद्ध केलं आणि ती पद्धत देशाने उचलली. बालमृत्यू कसे रोखायचे हे महाराष्ट्राने देशाला शिकवलं आणि स्वतःच्या नंदुरबारमध्ये ते पुरतं लागू केलं नाही. अज्ञानाची सबब आपल्याला नाही.

पैशाचीही नाही. २०२४च्या जूनअखेरीस सरकारने ठरवलं आणि काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जाऊ लागले. मी त्याच्या विरोधात नाही. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःचा पैसा कधीच नसतो, तिथे त्या दीड हजाराचं मोल मला कळतं. पण ज्या राज्याला इतका पैसा इतक्या झपाट्याने उभा करता येतो, त्याचा सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च राज्याच्या उत्पन्नाच्या एक टक्काही भरत नाही, तेव्हा ‘निधी नाही’ हे उत्तर ऐकून घेण्याचं काही कारण उरत नाही. त्या दीड हजारांतून तिला सोनोग्राफीसाठी तालुक्याच्या खासगी दवाखान्यातच जावं लागणार असेल, तर सरकारने तिच्या एका हातात दिलेलं दुसऱ्या हातातून गेलं.

म्हणून तुलना व्हायला हवी, आणि ती दर वर्षी, ठरलेल्या दिवशी व्हायला हवी. अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात आर्थिक पाहणी मांडली जाते. तिच्यात जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न असतं, मुंबई वर आणि नंदुरबार खाली. त्याच पानावर, त्याच ओळीत, त्या जिल्ह्यात वर्षभरात किती बाळं गेली, किती आया गेल्या, किती आरोग्य केंद्रांत डॉक्टरची जागा रिकामी राहिली, किती मुली अठराच्या आत बोहल्यावर चढल्या, हे छापा. जिल्ह्याच्या सरासरीत लपतात म्हणून धडगाव, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा, भामरागड या तालुक्यांची नावं वेगळी छापा. शेजारी केरळचा आकडा छापा. आणि साखर कारखान्याला गाळप परवाना देताना शेतकऱ्याची थकलेली एफआरपी, म्हणजे उसाची रास्त किंमत, जशी तपासली जाते, तशीच त्या कारखान्याच्या फडांवरची प्रत्येक कोपी तपासा: संडास आहे का, पाणी आहे का, गरोदर बाईची नोंद जवळच्या आरोग्य केंद्रात झाली आहे का, मुलं शाळेत आहेत का, महिन्यातले पाळीचे दिवस खाड्यातून वगळले जातात का. ज्या कारखान्याचं उत्तर ‘नाही’ असेल, त्याचं धुराडं त्या हंगामात पेटू देऊ नका. हे परवाने दर वर्षी गाळपाच्या आधी मंजूर होतात. त्याच्या आधी बीड, जालना, सांगली, कोल्हापूरच्या आमदारांनी ही अट सभागृहात मागावी, आणि ज्यांनी ती मागितली नाही त्यांची नावं त्यांच्या मतदारांनी लक्षात ठेवावीत.